हौशी शर्यतीसाठी जुनी मोटारगाडी

रस्त्यावर वापरण्यासाठी बनवलेली, बरीच वर्षे चाललेली मोटारगाडी फेरबांधणी करून बंदिस्त ट्रॅकवरील हौशी शर्यतींत उतरवण्याची प्रथा. रॅली, चढणीच्या शर्यती आणि सरळ अंतराच्या ड्रॅग शर्यती यांचा येथे विचार केलेला नाही.

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील ब्रुकलंड्स हा मुद्दाम बांधलेला ट्रॅक १९०७ मध्ये खुला झाला. तेथे हौशी चालक सुरुवातीपासून होते, पण ते बहुधा सधन असत. अमेरिकेत कोलियर बंधूंनी १९३३ मध्ये ‘ऑटोमोबाइल रेसिंग क्लब ऑफ अमेरिका’ काढला. १९४४ मध्ये स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ त्याचाच वारस मानला जातो. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर जुन्या गाड्या पळवणाऱ्या तरुणांकडेही काही जण या प्रथेचे श्रेय देतात. पण त्या वेगचाचण्या सरळ रेषेतल्या होत्या. स्वस्त व वापरून जुनी झालेली गाडी हाच निकष धरला, तर इंग्लंडमधील ‘७५० मोटर क्लब’चा (१९३९) दावा अधिक सबळ वाटतो. १९२२ ते १९३९ या काळात तयार झालेल्या ऑस्टिन सेव्हनचे ७४७ घ.सेंमी.चे इंजिन हा या क्लबच्या शर्यतींचा पाया. ‘लोटस’ या इंग्लिश मोटार कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधलेल्या पहिल्या गाडीचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. ती मात्र ट्रायल्स, म्हणजे चिखल-चढावांवरून गाडी न अडता नेण्याच्या, स्पर्धांसाठी होती. ७५० फॉर्म्युल्यासाठी, म्हणजे या क्लबच्या शर्यतवर्गासाठी, बांधलेली त्याची गाडी म्हणजे १९५१ ची लोटस मार्क ३. अलीकडच्या काळात अमेरिकेतील ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ (२००६) या मालिकेने सुरक्षासाधने वगळता गाडीवरचा खर्च ५०० डॉलरपर्यंत मर्यादित केला.

बांधणी गाडी उघडी करण्यापासून सुरू होते. आतील आसने, गालिचे, आवाजरोधक थर काढले की गंज दिसतो. रोल केजचे (चालकाभोवतीच्या नळ्यांच्या संरक्षक पिंजऱ्याचे) पाय जेथे बसायचे तेथील पत्रा सडका असेल तर ती गाडी सोडून द्यावी. त्यानंतर केज, शर्यतीचे आसन, पट्टे व अग्निशामक बसवतात. पट्ट्यांना मुदत असते; दिसायला नवे असले तरी मुदत संपलेले पट्टे तपासणीत नाकारले जातात. इंजिनाची शक्ती वाढवण्याचा मोह नवशिक्यांना आधी होतो. अनुभवी मंडळी मात्र ब्रेक, शीतन आणि वंगण यांनाच पहिला मान देतात.

वंगणाचा प्रश्न जुन्या गाडीत सर्वांत घातक ठरतो. चिकट शर्यती टायरवर वळणात बाजूचे त्वरण १ जी (गुरुत्वाकर्षणाइतके) झाले, तर ऑइल पॅनमधील (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातील) तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. पंपाची शोषनळी उघडी पडते, तेलाऐवजी हवा ओढली जाते आणि सेकंदभरात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग घासू लागतात. कारखान्यातून आलेला तेलाचा दिवा दाब अगदीच कमी झाल्यावर लागतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही. अधिक दाबाला पेटणारा मोठा दिवा चालकाच्या नजरेसमोर लावावा. दाब एकाच बाजूच्या वळणात पडत असेल तर दोष शोषनळीच्या जागेत असतो, फक्त ब्रेक लावताना पडला तर तेल पुढे धावत असते. तेल तापल्यावर सगळीकडेच दाब कमी राहिला तर बेअरिंग किंवा पंप झिजलेला असण्याचा संभव अधिक. पॅनमध्ये झडपांचे आडपडदे बसवणे हा पहिला उपाय. तेल साठवून दाब टिकवणारी टाकी आणि ड्राय संप (तेल पॅनऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) हे त्यानंतरचे, अधिक खर्चाचे.

वळणात इंजिन अडखळले तरी तेलाचा दाब कायम असेल, तर संशय इंधनावर घ्यावा. पेट्रोलची टाकी भरल्यावर तक्रार गेली तर दोष टाकीतील शोषनळीचा. न गेल्यास कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील (पेट्रोलच्या छोट्या कुपीतील) पातळी तपासावी.

ब्रेकचे निदान पायाला कळते. पेडल मऊ होऊन खाली जाते तेव्हा ब्रेक फ्लुइड उकळलेले असते. डॉट ४ या प्रमाण दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३०° से. असतो, ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी किमान मर्यादा फक्त १५५° से. आहे. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही, हा अतितापलेल्या पॅडचा दोष. तिसरा प्रकार अनेकांना चकवतो: वेगवान वळणानंतर पहिल्या दाबाला पेडल लांब जाते, दुसऱ्याला नेहमीसारखे येते. झिजलेल्या व्हील बेअरिंगमुळे डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलले जातात. ब्रेकमधील हवा वारंवार काढूनही तो जात नाही.

इंजिनाची शक्ती कमी वाटल्यास नुसत्या कॉम्प्रेशन चाचणीपेक्षा लीक-डाउन चाचणी अधिक बोलकी. प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून कान लावतात: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. शीतनासाठी अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलला (शीतनाच्या पाण्यात मिसळायच्या गोठणरोधकाला) बंदी असते, कारण सांडल्यास डांबर निसरडे होते.

विद्युत जोडणीत बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या सैल किंवा गंजलेल्या जोडाशी संपतात. गाडीची वीज एकदम तोडणाऱ्या मुख्य स्विचबद्दल मात्र एक सूचना आवश्यक आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत तो फक्त बॅटरी तोडत असेल, तर धावते इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर तसेच चालू राहते. यासाठी इग्निशनही तोडणारे जादा संपर्क असलेला स्विच वापरून, इंजिन चालू असताना तो दाबून पाहतात.