सरकारी मदतीचा पैसा आणि दानदाते (मुंबई)

आपत्तीनंतर सरकार भरपाई, सानुग्रह मदत किंवा स्वस्त कर्ज जाहीर करतं, ते लोकांच्या खात्यात खरंच पडावं म्हणून ट्रस्ट आणि कंपन्यांचे सीएसआरवाले (नफ्यातला ठराविक वाटा सामाजिक कामावर खर्च करणारे विभाग) जो खर्च करतात त्याबद्दलची ही नोंद. धान्याची किटं वाटणं मुंबईला नवीन नाही. इथे दानदाता मंजूर झालेला सरकारी पैसा बाहेर काढायला माणसं पुरवतो, आणि त्यात फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे की काय, या कामाला पैसे कमी मिळतात.

कोविडचं घ्या. सुप्रीम कोर्टाने ४ ऑक्टोबर २०२१ ला शिक्कामोर्तब केल्यावर प्रत्येक कोविड मृत्यूमागे ५०,००० रुपये राज्य आपत्ती निधीतून द्यायचे ठरले. टेस्टनंतर ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो हॉस्पिटलबाहेर झाला तरी धरायचा होता. ऐकायला सोपं, पण मुंबईत गोवंडी किंवा मालवणीच्या वस्तीत राहणाऱ्या बाईला मृत्यूचा दाखला, रिपोर्ट, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं घोषणापत्र एवढं सगळं जमवायचं, त्यात सासरचे गावाला आणि बोलणं बंद, मग फॉर्म अडकणारच ना! पुढे २४ मार्च २०२२ ला कोर्टाने जुन्या मृत्यूंसाठी अर्जाला ६० दिवसांची मुदत घातली. अशा वेळी वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी पगारावर ठेवून घरोघर फिरवणं याला किटपेक्षा जास्त अर्थ आहे असं माझं मत.

पीएम स्वनिधी योजनेत (जून २०२०) फेरीवाल्यांना पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान. पालिकेच्या फेरीवाला सर्व्हेत नाव नसेल तर शिफारस पत्र लागायचं, आणि आधारला मोबाईल लिंक नसेल तर अर्ज तिथेच थांबायचा.

कागद आधीपासून तयार ठेवणं हाही यातलाच भाग. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा घरातल्या सामानासोबत रेशनकार्डंही चिखलात गेली, आणि पंचनाम्याला माणूस आला की पहिला प्रश्न पुराव्याचा.

कायद्याच्या अडचणीही आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला जातात, त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्के मर्यादा. हे ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या कारभाराचे आहेत, फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार प्रकल्पखर्चात बसतो, पण घोळ इतका की संस्था तो मागायलाच लाजतात. परदेशी पैशाचं मात्र खरंच अवघड झालंय, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था तो वस्तीतल्या छोट्या मंडळाला पुढे देऊच शकत नाही.

अमेरिकेत कोविड मदतीच्या २०२१ च्या कायद्याने राज्यांना आणि स्थानिक सरकारांना ३५० अब्ज डॉलर दिले, ते कुठे लावायचे हे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत नक्की करायचं होतं. तिथे हा पैसा आधी राज्यांकडे आणि पालिकांकडे गेला, म्हणून दानदात्यांचा भर पालिकेला हात देण्यावर आणि लोकांचं म्हणणं तिथपर्यंत पोचवण्यावर. आपल्याकडे तो थेट माणसाच्या खात्यात यायचा असतो, त्यामुळे सगळी धावपळ सरकारी कचेरीच्या खिडकीवरची.

मोजमापात एक गडबड कायम होते. किती फॉर्म भरले हे दानदात्याला कळवलं जातं, किती जणांच्या पासबुकात एंट्री आली हे कोणी विचारत नाही, खरं तर एकाच वहीत फॉर्म भरल्याची आणि पैसे आल्याची अशा दोन्ही तारखा शेजारी लिहिल्या तरी काम होतं.