पार्श्वभूमी : सर्पगंधेपासून ‘केमिकल इम्बॅलन्स’पर्यंत

मुंबईत नैराश्याचं निदान झालं की घरच्यांच्या कानावर बहुधा एक वाक्य पडतं : ‘मेंदूत केमिकल इम्बॅलन्स आहे’, म्हणजे रसायनांचा तोल बिघडला आहे. या कल्पनेचा एक धागा मुंबईतूनच गेलेला आहे.

१९४९ साली इथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. वेडावर ती देण्याची रीत आपल्याकडे जुनीच होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्येच त्यावर लिहिलं होतं. १९५२ साली तिच्यातून रिसरपाइन वेगळं काढलं गेलं. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं, त्यांचा क्षोभ शमला. १९५७च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

पण रक्तदाबासाठी रिसरपाइन घेणारे काही जण खिन्न होऊ लागले. या औषधाने मेंदूत पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांचे साठे रिकामे होतात, हे तोवर कळलं होतं. मग तर्क झाला : ही रसायनं घटणं म्हणजेच नैराश्य. १९६५मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रेनलिनपुरता तो नीट मांडला. सेरोटोनिनची बाजू इतरांनी पुढे नेली.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. औषधाच्या परिणामावरून आजाराचं कारण ठरवलं गेलं. लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांना १९५५ सालीच रिसरपाइनने खिन्न रुग्णांना उलट बरं वाटल्याचं दिसलं होतं. ते मागे पडलं. शिवाय फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी सेरोटोनिनवर काही तासांत काम सुरू करते, मन मात्र उभारी धरायला आठवडे घेतं.

तरी मनाच्या आजाराचं मूळ शरीरात शोधणाऱ्या जैविक दृष्टीचं ऋण मोठं आहे. उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू मेंदूत सापडले (१९१३) आणि वेडाच्या एका भयंकर प्रकाराचं कारण हाती आलं. पुढे पेनिसिलिनने त्याला आवर घातला. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं. ‘आईनेच नीट वाढवलं नाही’ किंवा ‘बाहेरची बाधा आहे’ असं ऐकत आलेल्या घरांना यातून केवढा दिलासा मिळाला! पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला स्किझोफ्रेनिया झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. आणि ‘मेंदूचाच दोष’ म्हटलं की दोषारोप कमी होतो, पण हा माणूस सुधारणारच नाही अशी समजूत बळावते, हेही अभ्यासांत आढळलं आहे.

रसायनांपलीकडे पाहण्याचा प्रयत्नही मुंबईत झाला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी साठच्या दशकात पतंजलीच्या योगावर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर अजमावली. याच परळच्या आसपास १९८२च्या संपानंतर हजारो गिरणी कामगारांची घरं मोडकळीला आली. तिथल्या एखाद्याची झोप का उडाली, हे रसायनांच्या भाषेत पुरतं सांगताच येत नाही.

२०२२मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र तपासून, सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, हा त्यांनी तपासलेला प्रश्न नव्हता. त्यामुळे ती बातमी वाचून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. अचानक सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.