पार्क म्हणजे बाग नव्हे: लहान मुलांना मैदानात न्यावं की बागेत?

शिवाजी पार्क हे पार्क नाही, मैदान आहे. दादरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याच्या तोंडी 'पार्कात' म्हणजे लाल मातीत, नेट्सपाशी, नाहीतर कट्ट्यावर. पण माझी नणंद डोंबिवलीहून तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती, आणि मी 'चला, पार्कात जाऊन येऊ' म्हटल्यावर पोरगी थेट झोक्याच्या तयारीनं निघाली. फ्रॉक, चमकीच्या सँडल, केसांना दोन क्लिपा. फाटकातून आत गेल्यावर समोर ते एवढं मोठं उघडं अंगण, त्यात पन्नासएक पोरं बॅटी घेऊन ओरडतायत. तिनं माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "मामी, पण पार्क कुठाय?"

प्रश्न बरोबरच होता. घोळ इंग्रजी शब्दानं घातलाय. साहेबाच्या भाषेत मोठं मोकळं हिरवं रानही पार्कच. मराठीत तो शब्द आला आणि हळूहळू त्याचा अर्थ 'बाग' होऊन बसला. मैदान १९२५ साली महापालिकेनं खुलं केलं तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं, ते शिवाजी पार्क झालं. 'पार्क' मात्र चिकटून राहिलं ते राहिलंच. नागपूरचं कस्तुरचंद पार्क त्याच जातीचं: नावात पार्क, प्रत्यक्षात सभांचं मैदान. उलटा मासलाही आहे. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये नावाप्रमाणे झाडं आणि बाकं आहेत, पण संध्याकाळी तिथे गेलात तर क्रिकेट चाललेलं दिसेल. आणि पणजीचं आझाद मैदान बघायला गेलात तर तिथे खेळाआधी स्मारकच दिसतं. गंमत म्हणजे 'मैदान' आणि 'बाग' हे आपले रोजचे दोन्ही शब्द फारसीतून आलेले, 'क्रीडांगण' आणि 'उद्यान' हे सरकारी पाटीवरचे. शहराच्या विकास आराखड्यात या दोन गोष्टींची आरक्षणं वेगवेगळी असतात. पाटी वाचून फारसं कळत नाही, म्हणून नावावर जाऊ नये, आत डोकावून बघावं.

काय बघायचं? माझ्या मते एकच: इथे मुलानं काय करायचं हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय का? बागेत ठरलेलं असतं. हा झोका, ही घसरगुंडी, हा सीसॉ, इथून वर चढा, तिथून खाली या. मैदानात काहीच ठरलेलं नसतं. जागा आहे, आणि ती इतरांबरोबर वाटून घ्यायची आहे. बाकीचे सगळे फरक, धोकेसुद्धा, इथूनच निघतात.

आधी मैदान. शिवाजी पार्क जवळपास २८ एकर आहे, कट्ट्याची फेरी मारली तर सव्वा किलोमीटरच्या आसपास. पण तीन वर्षांच्या मुलासाठी त्यातली मोकळी जागा फार थोडी असते, कारण एकाच वेळी तिथे कितीतरी मॅचेस चालू असतात आणि एकीचा फिल्डर दुसरीच्या पिचमागे उभा असतो. हे मैदानातल्या पोरांना सवयीनं कळतं, नवख्या आईला कळत नाही. मी पहिल्यांदा लेकीला घेऊन मधून चालत गेले तेव्हा तीन दिशांनी एकच आरोळी आली: "ओ आंटी, साइडला व्हा ना!"

साइडला म्हणजे कुठे, हेही शिकावं लागतं. सीझन बॉलचं वजन नियमानं १५६ ते १६३ ग्रॅम असतं, म्हणजे एखाद्या मध्यम सफरचंदाएवढं, आणि ते कातड्याचं, टणक. जिथे पांढरे कपडे आणि पॅड दिसतील तिथून लहान मूल दूर ठेवायचं, यात चर्चा नाही. नेट्सजवळ उभं राहायचंच असेल तर फलंदाजाच्या पाठीमागे, जाळीच्या आड. बोलरच्या बाजूला जाळी नसते आणि सरळ मारलेला फटका तिकडूनच बाहेर पडतो. टेनिस बॉलला लोक घाबरत नाहीत, आणि चेंडूचं खरंच फारसं भय नाही. भय आहे ते कॅच पकडायला धावणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराचं. त्याची नजर आभाळात असते, पायाखाली वीतभर उंचीचं कुणी बसून मातीचे लाडू वळतंय हे त्याला दिसतच नाही. म्हणून बसायचं ते कडेला, झाडाखाली, कट्ट्याला पाठ लावून.

हे सगळं ऐकून वाटेल, मग न्यायचंच कशाला? न्यायचं, कारण शहरातल्या मुलाला सरळ रेषेत दोनशे पावलं पळायला दुसरीकडे जागाच नसते. घरात सोफा आडवा येतो, सोसायटीत गाड्या, बागेत तर दर दहा फुटांवर काहीतरी रोवलेलं. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास, मॅचेस रंगायच्या आत, मैदानाच्या एका टोकाला मुलाला सोडून द्यावं आणि बघावं. आधी ते आपल्याकडे वळून वळून बघतं. मग बघायचं थांबतं. माझी लेक एकदा अशीच पळत गेली, मध्येच थांबली, खाली बसून कसलंतरी वाळकं पान उचललं, आणि तिथूनच ओरडली, "आई, मी लांब आहे!" तिला लांब म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

आणि बघायला मिळतं. पार्कातल्याच समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालू असेल तर लहान मुलं अर्धा अर्धा तास हलत नाहीत. आपल्यापेक्षा थोडीच मोठी मुलगी दोरीवर उलटी लटकतेय, हे दृश्य कुठल्याही प्लॅस्टिकच्या खेळण्यापेक्षा सरस.

बागेचा हिशेब वेगळा. चांगल्या बागेत कुंपण असतं, फाटकं एक-दोनच असतात, पाळत सोपी वाटते. वाटते असं म्हणते, कारण मैदानात मूल दिसतं पण हाताशी नसतं, आणि बागेत हाताशी असतं पण दिसत नाही. घसरगुंडीच्या बोगद्यात शिरलं, किल्ल्याच्या मागे गेलं, की संपलं. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट हे याचं जुनं उदाहरण. मलबार हिलवरची ही बाग १९५२ ची, बूट एका इंग्रजी बालगीतावरून सुचलेला. मुलं आत शिरून वर चढायची आणि खाली उभे आईबाप प्रत्येक खिडकीत आपलं पोर शोधत राहायचे. पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी १९५६ पासून धावतेय. तिथे निदान गाडी परत स्टेशनातच येते.

बागेतले धोके मात्र वस्तूंमध्ये असतात, आणि ते आधी तपासता येतात. यावर थोडं जास्त लिहिते, कारण आपण मैदानाला उगाच घाबरतो आणि बागेत उगाच निर्धास्त बसतो.

घसरगुंडीला आधी हाताची उलटी बाजू लावून बघा. एका बागेत मी मे महिन्यात चार वाजता लेकीला थेट बसवलं. ऊन उतरलं होतं, पत्रा उतरला नव्हता. मांड्या लाल झाल्या. प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि गडद रंगाची रबरी फरशीही तापतात, अनवाणी मुलाला ते लगेच कळतं.

दुसरं, मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. हे ऐकून आमच्या सासूबाई चकित झाल्या, कारण प्रेमळ आजी-आजोबा नेमकं हेच करतात. होतं असं, की मुलाचा बूट कडेला घासून अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मात्र खाली सरकतच राहतं, आणि पीळ बसून नडगीचं हाड मोडतं. एकटं मूल अडकलं तर नुसतं थांबतं. एकटं घसरायला भीत असेल तर अजून त्या घसरगुंडीचं वय झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरं, फटी. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मुलांच्या खेळण्यांच्या जागांविषयीच्या पुस्तिकेत साडेतीन ते नऊ इंचांमधली फट धोक्याची मानली आहे. इंच विसरा. चार बोटांहून थोडी मोठी आणि वीतभरापेक्षा लहान, अशी फट जिन्याच्या गजांत किंवा कठड्यात दिसली की सावध. लहान मूल पाय आधी घालतं, अंग निसटून जातं आणि डोकं अडकतं.

चौथं, जमीन. पडणार तर आहेच, कशावर पडणार ते बघायचं. युरोपातल्या मानकाप्रमाणे खेळण्यावरून पडण्याची उंची ३ मीटरपेक्षा जास्त नसावी, आणि खाली त्या उंचीला झेपेल असं मऊ काहीतरी असावं. आपल्याकडे झोक्याखाली पेव्हर ब्लॉक सर्रास दिसतात. रबराच्या लाद्या असल्या तरी नेमक्या झोक्याखालच्या, जिथे पाय घासतात तिथल्या, झिजून सिमेंट उघडं पडलेलं असतं. गवत असेल तर तिथेही बाकी सगळीकडे गवत आणि झोक्याखाली टणक खड्डा. झोक्याबद्दल आणखी एक: बसलेल्याला क्वचितच लागतं, समोरून जाणाऱ्याला लागतं. म्हणून झोक्यांच्या रांगेला वळसा घालूनच जायचं, ही सवय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच लावलेली बरी.

पाचवा धोका कुठल्याच पुस्तिकेत नसतो: रविवारची संध्याकाळ. दहा-बारा वर्षांची पोरं घसरगुंडीवर खालून वर चढतात, दोन आज्या झोक्याच्या नंबरावरून भांडतात ("आमचा कधीचा उभाय हो!"), आणि आपलं पिल्लू रांगेतच पेंगतं. शक्य असेल तर आडवारी जा. कित्येक बागा दुपारी बंद असतात, वेळ फाटकावर लिहिलेली असते. राणीच्या बागेत जाणार असाल तर बुधवार सोडून.

मैदानाला अशी वेळ नसते, पण पंचांग असतं. बाग कुणी सभेला देत नाही, मैदान देतात. शिवाजी पार्कवर १ मे ला संचलन असतं, दसऱ्याला मेळावा, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या गर्दीचा मुक्काम आणि पुस्तकांचे स्टॉल तिथेच. पुस्तकांसाठी मोठ्यांनी जरूर जावं. बाबागाडी घेऊन खेळायला जायचा तो दिवस नव्हे. शिवाय नोव्हेंबर ते मे धूळ. मुलाला दमा किंवा सारखी सर्दी असेल तर वाऱ्याच्या दुपारी मैदान टाळावं, पहाटे दव पडल्यावर माती बसलेली असते तेव्हा जावं. पावसाळ्यात बागेतल्या लाद्यांवर शेवाळं धरतं, खेळणी निसरडी होतात. मैदानात नुसता चिखल. मला विचाराल तर चिखल परवडला. मुंबईत क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून पावसातच रंगत आलीय, तर आपल्या पोरांनी चार उड्या मारायला काय हरकत आहे? जखम असेल तर मात्र नको.

लोक सहसा वयानुसार वाटणी करतात: सहाच्या आतली मुलं बागेत, वरची मैदानात. मला हे अर्धंच पटतं. दोन वर्षांच्या मुलाला बागेतली निम्मी खेळणी मोठीच होतात. आईबाप त्याला उचलून चढवतात, उचलून उतरवतात, आणि त्यालाच खेळणं म्हणतात. तेच मूल मैदानात माती, काड्या आणि एक रिकामी बाटली यांच्यावर तासभर काढतं. खरी बागेची वेळ तीन ते सहा. हातापायात बळ आलेलं असतं, चढायची खुमखुमी असते, आणि वाट पाहणं, नंबर लावणं हे तिथेच शिकायला मिळतं. सहानंतर ते स्वतःच झोक्याला 'बोअर' म्हणायला लागतं आणि मैदानाकडे ओढ घेतं. तेव्हा त्याला नेमून दिलेलं काही नको असतं.

दोन वयांची दोन मुलं असतील तर दोन्ही एकत्र लागतात. शिवाजी पार्कात कुंपणाच्या आत लहान मुलांची वेगळी खेळायची जागा आहे. नणंदेच्या मुलीला शेवटी तिकडेच नेलं. झोका मिळाला, दोनदा घसरून झालं, आणि मग कुंपणाच्या गजांना धरून ती बाहेरच्या मातीकडे बघत उभी राहिली. बाहेर सोडल्यावर सँडल काढून माझ्या हातात दिल्या.

घरी येऊन नणंदेनं त्या सँडल बाल्कनीत उलट्या करून झटकल्या. मूठभर लाल माती निघाली, ती तिनं तुळशीच्या कुंडीत टाकली.