बोनस जन्माचा, बोनस धंद्याचा

सांगलीत आमच्या टेबलावर अजून दोन नियमावल्या नांदतात. विश्रामबागेतली जुनी मंडळी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाची 2014 ची आवृत्ती सोडायला तयार नाहीत, आणि मिरजेहून येणारी पोरं थेट 2024 च्या पुस्तकावर शिकलेली. त्यामुळे नवं कॅरॅक्टर करायला घेतलं की भडंग संपायच्या आत वाद सुरू: एल्फ या वंशाच्या पात्राला डेक्स्टेरिटीचे, म्हणजे चपळाईचे, दोन जादा मिळतात की नाही? एका पुस्तकात मिळतात, दुसऱ्यात नाहीत.

1974 च्या मूळ खेळात एल्फ, ड्वॉर्फ घेता यायचे, पण त्यांच्या गुणांत, म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी अशा आकड्यांत, वंशामुळे कमी-जास्त नव्हतं. त्यांना लेव्हलची, म्हणजे पात्र किती वर चढेल याची, मर्यादा तेवढी होती. अधिक-उणे आलं 1978 च्या नियमावलीत. ड्वॉर्फला कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, एकने जास्त; करिस्मा, म्हणजे लोकांवरची छाप, एकने कमी. हाफ-ऑर्कला, म्हणजे अर्धा माणूस नि अर्धा राक्षसी ऑर्क असलेल्याला, ताकद आणि काटकपणा एकेक जादा, करिस्मा दोनने कमी. स्त्री-पात्रांच्या ताकदीची कमाल मर्यादाही त्याच पुस्तकात पुरुषांपेक्षा खाली ठेवलेली होती. ती 1989 मध्ये गेली, वंशाचे आकडे मात्र राहिले. 2000 मध्ये बहुतेक आकडे दोन-दोनचे झाले आणि हाफ-ऑर्कची बुद्धीही कापली गेली. 2008 मध्ये उणे काढून टाकलं, फक्त अधिक ठेवलं.

आमची पिढी खेळायला लागली ती 2014 च्या पुस्तकावर. त्यात साधारणपणे एका गुणाला +2, दुसऱ्याला +1. पॉइंट-बायमध्ये, म्हणजे ठरलेले पॉइंट खर्चून गुण घेताना, 27 पॉइंट वाटले तरी एक गुण 15 च्या वर जात नाही. वंशाचे दोन मिळाले तर 17, म्हणजे मॉडिफायर, फाशात मिळवायचा आकडा, +3. नाही मिळाले तर +2 वर बसा. वीस बाजूंच्या फाशावर एकचा फरक म्हणजे पाच टक्के. ऐकायला किरकोळ, पण प्रत्येक हल्ल्याला तोच एक आडवा येतो. म्हणून विझार्ड, म्हणजे बुद्धीवर चालणारा जादूगार, म्हटलं की नोम किंवा हाय एल्फ, बुद्धीचा बोनस असलेले वंश; हाफ-ऑर्क म्हटलं की बार्बेरियन, ताकदीवर लढणारा. आमच्याकडे एकाने हट्टाने हाफ-ऑर्क विझार्ड घेतला होता. चौथ्या शनिवारी त्याने स्वतःच त्याला खड्ड्यात ढकललं.

2016 च्या एका पुरवणी पुस्तकात ऑर्कला बुद्धी −2 परत आली, आणि तिथून तक्रार वाढत गेली: अख्ख्या समाजाला जन्मतः मठ्ठ ठरवायचं हे कुठून आलं? जून 2020 मध्ये प्रकाशकांनी बदल करू असं जाहीर केलं. ते उणे काढलं, आणि नोव्हेंबरच्या पुस्तकात वंशाचे बोनस हव्या त्या गुणाला लावायची मुभा आली, पर्यायी नियम म्हणून. 2022 च्या पुस्तकात पर्याय हाच नियम झाला.

शब्दाचा घोळ वेगळाच. इंग्रजीतल्या 'रेस'ला आम्ही सुरुवातीपासून 'वंश' म्हणत आलो. कुणी 'जात' म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही हे कुणी विचारलंही नाही. फॉर्मवर तो रकाना भरून भरून हात दुखलेली माणसं खेळायला येतात, तिथे परत तोच रकाना कोण काढणार? डिसेंबर 2022 मध्ये प्रकाशकांनी 'रेस' सोडून 'स्पीशीज' घेत असल्याचं सांगितलं. मराठीत ते 'प्रजाती' होतं, आणि मग एल्फ नि माणूस दोन प्रजाती असतील तर हाफ-एल्फ म्हणजे खेचर का, असा प्रश्न आमच्यातल्या जीवशास्त्राच्या मास्तरांनी काढलाच. 2024 च्या पुस्तकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क दोघेही गायब आहेत. आम्ही 'वंश'च म्हणतो.

खरी मेख 2024 ची. बोनस प्रजातीकडून काढून 'बॅकग्राउंड'ला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला जोडला. सोळा पूर्वायुष्यं, प्रत्येकाला तीन ठरलेले गुण, त्यांतच +2 आणि +1 किंवा तिघांना एकेक. जन्मावरून नव्हे, केलेल्या कामावरून. परदेशात हे पुढचं पाऊल वाटलं असेल. आपल्याकडे बलुतेदारीत जन्म आणि धंदा वेगळे होते कधी? आणि यादी बघा: सरदाराला बुद्धी आहे, व्यापाऱ्याला आहे, शेतकऱ्याला नाही. त्याला ताकद, काटकपणा आणि विस्डम, म्हणजे जाण. शेतकऱ्याचा पोर विझार्ड झाला की बुद्धी 15 वरच अडकते. हाफ-ऑर्कचा खड्डा फक्त दुसऱ्या शेतात गेला.

हे तासगावच्या एका खेळाडूला वाचून दाखवलं. घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर घडाला जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं संजीवक) किती पीपीएम द्यायचं याचं गणित तो फवारणीच्या टाकीपाशी तोंडी करतो. तो म्हणाला, "मग हिशेब काय सरदार करतोय का?" 2024 च्या डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात नवं बॅकग्राउंड बनवायची सोय आहे, गुण आपण निवडायचे. त्याने पात्राच्या शीटवर लिहिलं: द्राक्ष बागायतदार, बुद्धी, काटकपणा, विस्डम.

"ताकद का काढली?" मिरजेच्या पोरीने विचारलं. "क्रेट कोण उचलणार?"

"त्याला गडी आहेत की."