राणे, राम राघोबा

(२६ जून १९१८ – ११ जुलै १९९४). परमवीरचक्राचे मानकरी. हा सन्मान हयातीत स्वीकारणाऱ्या पहिल्या वीरांपैकी एक. जन्म कारवारजवळच्या चेंडिया गावी. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या वरचेवर होणाऱ्या बदल्यांमुळे शिक्षण गावोगाव विखुरले. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलातील तुकडीत भरती झाले. प्रशिक्षणात सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरल्याने त्यांना कमांडंटची छडी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाले आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत रुजू झाले.

जम्मू-काश्मीरमधील भारत-पाकिस्तान युद्धात मार्च १९४८ मध्ये झांगड हे ठाणे परत घेतल्यावर भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. वाट अरुंद, डोंगराला वेढे घालत जाणारी. माघार घेणाऱ्या शत्रूने चीडची (पाइनची) झाडे आडवी पाडली होती, रस्त्याखालच्या मोऱ्या उडवल्या होत्या आणि जागोजागी सुरुंग पेरले होते. रणगाडे पुढे न्यायचे तर हे सारे आधी सॅपर्सनी दूर करायला हवे होते.

हे काम घाईत होत नाही. जमिनीत संगीन तिरकी खुपसून सुरुंगाचा कडेचा भाग चाचपायचा. सरळ वरून दाब पडला तर तो फुटू शकतो. सापडलेल्या सुरुंगाभोवतीची माती हाताने काढायची, त्याखाली दुसरा सापळा नाही ना हे पाहायचे, मगच तो निकामी करायचा किंवा दुरून दोरीने ओढायचा. आडव्या झाडाचे बुंधे स्फोटकांनी तोडतात. पण झाड ओढायला माणसे जिथे उभी राहणार, नेमके तिथेच सुरुंग दडवलेले असतात, म्हणून फांद्यांखालची जमीन आधी तपासावी लागते. मोरी उडाली असेल तर काठ कापून बाजूने वळणरस्ता काढतात. उतार चढा राहिला की रणगाडा निघून जातो, मात्र मागचे मालट्रक अडकतात.

८ एप्रिलला नादपूर दक्षिण येथे सुरुंग काढण्याच्या तयारीत असताना उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनी तुकडी पुन्हा बांधली आणि काम चालू ठेवले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली ही डोंगरधार हाती आली, तेव्हाही आसपास शत्रू शिल्लक होता; तरी रात्री दहापर्यंत त्याच्या नजरेसमोर आणि मशीनगनच्या माऱ्यात वळणरस्त्याचे काम सुरू राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पुन्हा सुरू झाले आणि तीनला रस्ता तयार झाला. मग राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये (सैनिक नेणाऱ्या चिलखती गाडीत) बसून निघाले आणि एकामागून एक अडथळे फोडत गेले. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या चीडवृक्षांचा, भोवती सुरुंग पेरलेला अडथळा आला. अंधार पडत असल्याने ताफा थांबवण्यात आला. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला काम सुरू करून साडेसहाला त्यांनी तो मोकळा केला. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची रांगच होती. तीही साडेदहापर्यंत संपली.

यानंतरचा निर्णय या कामगिरीत सर्वांत मोलाचा वाटतो. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून गेले आणि दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. राणे यांना आपले काम तेव्हाच थांबवता आले असते. पण इंधन, दारूगोळा आणि शिधा रस्त्यानेच येणार होता; रस्ता बंद राहिला तर पुढे गेलेले रणगाडे रिकामेच पडले असते. म्हणून अन्न-विश्रांतीविना ते रात्री नऊपर्यंत राबले. ११ एप्रिलला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करणे चालूच होते. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. शौर्याची चर्चा बहुधा चढाईच्या क्षणांपुरती होते. इथे मात्र ते तासन् तास गुडघ्यावर बसून केलेल्या कष्टांत दिसते. अभियंता दलाला मिळालेले हे एकमेव परमवीरचक्र आहे. ते २१ जून १९५० रोजी जाहीर झाले.

१९५५ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. सेवाकाळात युद्धवृत्तांत त्यांचा पाच वेळा गौरवाने उल्लेख झाला होता. पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौका-संग्रहालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते, आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटालाही.