गुलाबावरच्या माव्याची ममी

कळीखाली हिरवा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. त्याआधी एकदा पान उलटं करून बघा. त्या गर्दीत एखादा मावा टम्म फुगलेला, तपकिरी-सोनेरी आणि हात लावला तरी न हलणारा दिसला, तर बाटली खाली ठेवा. ती माव्याची ममी आहे.

ही करणी ॲफिडियस या दोन-तीन मिलिमीटरच्या परोपजीवी माशीची. ही गांधीलमाशीच्या गणातली, पण माणसाला डंख करत नाही. मादी पोट पायांमधून पुढे वाकवते आणि क्षणार्धात माव्याच्या अंगात एक अंडं टोचते. मावा नराशिवायच पिल्लं देतो, आणि जन्मायच्या आधीच त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी वाढत असते. म्हणून काही जातींच्या माश्या अंड्यासोबत असं विष सोडतात की माव्याचे बीजांडकोशच खंगतात. मावा जिवंत राहतो, पण वंश थांबतो. अंडं फुटताना त्याच्या आवरणातल्या पेशी सुट्या होतात. टेराटोसाइट म्हणतात त्या या पेशी विभाजन न होता नुसत्या फुगत जातात आणि माव्याच्या शरीरातलं अन्न अळीला खाता येईल असं करतात. अळी शेवटी मावा आतून फस्त करते, त्याचं रिकामं कवच रेशमाने पानाला चिकटवते आणि आतच कोष विणते. वीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात अंड्यापासून सुमारे दोन आठवड्यांनी नवी माशी गोल भोक पाडून बाहेर येते.

मावाही निमूट मरत नाही. काही माव्यांच्या शरीरात हॅमिल्टोनेला नावाचा जिवाणू असतो. त्या जिवाणूत एक विषाणू असतो, आणि त्या विषाणूच्या जनुकांतून बनणारं विष माशीच्या अळीला मारतं!

पिठ्या ढेकूण या दुसऱ्या किडीवर मात्र क्रिप्टोलिमस हा ढालकिडा (लेडीबर्ड भुंगा) जगतो. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींनी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते, म्हणून पुष्कळ लोक तिलाच चिरडतात.

‘पाकीटभर ढालकिडे सोडा, बाग स्वच्छ’ ही जाहिरात मला पटत नाही. मोकळ्या बागेत प्रौढ ढालकिडे बरेचदा उडून जातात. शिवाय मित्रकीटकांना जगायला थोडी कीड लागतेच. एकही डाग नसलेलं रोप हवं असेल, तर हा मार्ग तुमचा नव्हे.

आणि आधी मुंग्या बघा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या ॲफिडियस माशीला हुसकावून लावतात. खोडाभोवती चिकट पट्टी बांधा, आणि झाडाची फांदी भिंतीला टेकलेली नाही ना, तेवढं तपासा. नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.