वेक ऑन लॅन: १०२ बाइट, पाच व्होल्ट आणि मधली तीस वर्षं

वेक ऑन लॅन म्हणजे बंद किंवा झोपलेलं मशीन नेटवर्कवरून एक पॅकेट पाठवून दुरून उठवणं. ते पॅकेट १९९५ साली जसं ठरलं तसंच आजही आहे. आधी सहा वेळा एफएफ (आठही बिट १ असलेला बाइट), मग ज्या मशीनला उठवायचं त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, लागोपाठ सोळा वेळा. मॅक ॲड्रेस सहा बाइटचा, म्हणजे ६ अधिक ९६, एकूण १०२ बाइट. तरीही मुंबईत सीप्झपासून फोर्टपर्यंत कुठल्याही ऑफिसातल्या आयटीवाल्याला विचारा, "काल उठत होतं, आज उठत नाही" ही तक्रार ठरलेली. पॅकेट तेच राहिलं, पण त्याच्या भोवतीचं सगळं बदलत गेलं: पॉवर सप्लाय, बायोस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर), राउटर, विंडोज. यातल्या बहुतेक बदलांमागे रास्त कारण होतं. तो बदल केव्हा आणि कशासाठी झाला हे माहीत असलं की बिघाड सापडायला वेळ लागत नाही.

सुरुवात विजेपासून करावी लागते. जुन्या एटी कॅबिनेटच्या पुढचं बटण म्हणजे थेट २३० व्होल्टचं बटण होतं. ते दाबलं की मशीन खरोखर मेलं. विंडोज ९५ शटडाउननंतर "आता संगणक बंद करायला हरकत नाही" असा संदेश दाखवून थांबायचं, कारण बटण दाबणं माणसाच्याच हाती होतं. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्सची रचना मांडली आणि बटणाचा थेट विजेशी संबंध तुटला. पुढचं बटण मदरबोर्डाला फक्त इशारा देऊ लागलं आणि मदरबोर्ड एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) हिरवी वायर खाली खेचून त्याला चालू करू लागला. हे जमायचं तर मशीन बंद असतानाही बोर्डाचा थोडा भाग जागा हवा. त्यासाठी कनेक्टरच्या ९ नंबरच्या पिनवर, जांभळ्या वायरीवर, कायमचे पाच व्होल्ट आले. तेच स्टँडबाय. दुरून मशीन उठवण्याचा सगळा खेळ या एका वायरीवर चालतो.

म्हणून पहिली तपासणीही तिथेच. मशीन बंद, भिंतीवरचं बटण चालू. मल्टिमीटरचं काळं टोक कुठल्याही काळ्या वायरीवर, लाल टोक ९ नंबरच्या पिनला मागून. वाचन ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये यायला हवं. स्टँडबायचं सर्किट मेन चालू असेपर्यंत चोवीस तास राबतं, त्यामुळे स्वस्त एसएमपीएसमध्ये आधी त्याचेच कपॅसिटर सुकतात. एसी रात्री बंद होणाऱ्या, धुळीने भरलेल्या मुंबईच्या ऑफिसात तर लवकरच. अशा वेळी मशीन बटणानेही दोन-तीनदा दाबल्यावर सुरू होतं, आणि लोक मदरबोर्ड बदलायला निघतात.

पॅकेटची कल्पना एएमडी आणि एचपी यांची. तिचं नाव मॅजिक पॅकेट. नेटवर्क कार्ड झोपेत असताना त्याच्याकडे प्रोसेसर नसतो, मेमरी नसते, आयपी ॲड्रेसही नसतो. येणाऱ्या बिट्समध्ये एक ठरावीक नमुना ओळखणं एवढंच त्याला करायचं असतं, तेही जवळजवळ फुकटच्या विजेवर. एफएफची रांग त्याला सावध करते आणि पुढची सोळा आवर्तनं योगायोगाची शक्यता मिटवतात. नमुना पॅकेटमध्ये कुठेही असला तरी चालतो. म्हणून आज आपण तो यूडीपीच्या ७ किंवा ९ नंबरच्या पोर्टवर पाठवतो ते केवळ सोयीसाठी. त्या पोर्टवर ऐकायला मशीनमध्ये कुणीच जागं नसतं. पोर्ट बदलून पाहण्यात तासभर घालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: मधला फायरवॉल तो पोर्ट अडवत नसेल, तर पोर्टाचा काही संबंध नाही.

याला बाजार मिळाला तो खर्चाच्या वादामुळे. १९९६मध्ये ओरॅकल आणि सन या कंपन्या सांगत होत्या की ऑफिसातला पीसी सांभाळणं फार महाग आहे, त्याऐवजी बिनडिस्कचा नेटवर्क कॉम्प्युटर घ्या. पीसीच्या बाजूने उत्तर देणं इंटेल आणि आयबीएमला भाग होतं. दोघांनी मिळून १९९७मध्ये वेक ऑन लॅन बाजारात आणलं. इंटेलच्या वायर्ड फॉर मॅनेजमेंट या चौकटीत पुढे पीएक्सईही आलं, म्हणजे नेटवर्कवरूनच बूट होणं. ही जोडी मुळात एकत्र वापरण्यासाठीच होती: रात्री पॅकेट पाठवून मशीन उठवा, पीएक्सईने त्यात नवी प्रतिमा (डिस्कची तयार प्रत) भरा, पुन्हा झोपवा. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या साठ मशीनच्या प्रयोगशाळेत सत्र बदलताना आजही हेच केलं जातं. मात्र साठही एकदम उठवू नयेत. पाच-सहाच्या गटाने, मध्ये मिनिटभर सोडून उठवावीत. एकदम साठ मशीननी टीएफटीपीकडे (बूटची फाइल देणाऱ्या सर्व्हरकडे) फाइल मागितली की काहींची वाट पाहण्याची मुदत संपते, ती हार्डडिस्कवरून बूट होतात, आणि सकाळी अर्ध्या लॅबमध्ये जुनी प्रतिमा, अर्ध्यात नवी.

त्या पहिल्या काळात कार्डाला स्टँडबायची वीज पीसीआय स्लॉटमधून मिळत नसे. कार्डापासून मदरबोर्डापर्यंत तीन तारांची बारीक वायर लावावी लागे: एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची, एक उठवण्याच्या इशाऱ्याची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या मशीनमध्ये ती वायर लावायची राहिली, तर बायोसमध्ये काहीही निवडा, कार्ड बहिरंच. शिवाय त्या काळच्या बोर्डांच्या पुस्तिका स्टँडबायवर किमान ७२० मिलिअँपिअर मागत, आणि सुरुवातीचे कित्येक एसएमपीएस तेवढे देत नसत. डिसेंबर १९९८च्या पीसीआय २.२ने ३.३ व्होल्टची स्टँडबाय वीज आणि उठवण्याचा इशारा दोन्ही स्लॉटमध्येच आणले. मग कार्ड बोर्डावरच बसू लागलं आणि ती वायर विस्मृतीत गेली.

यानंतरचा बदल सर्वाधिक लोकांना आजही छळतो, आणि तो मशीनमध्ये नाही, राउटरमध्ये आहे. झोपलेल्या मशीनला आयपी नसतो, म्हणून पॅकेट सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्या एका भागातल्या) सगळ्यांना ऐकू जाईल असं, ब्रॉडकास्ट करून पाठवतात. दुसऱ्या सबनेटमधून पाठवायचं तर त्या सबनेटचा शेवटचा पत्ता वापरायचा. १९२.१६८.२०.० हे २४ बिटांचं सबनेट असेल तर १९२.१६८.२०.२५५. पूर्वी राउटर असं पॅकेट बिनतक्रार पुढे सोडत. मग स्मर्फ हल्ले सुरू झाले: हल्लेखोर बळीचा पत्ता स्वतःचा म्हणून लावून एक पिंग ब्रॉडकास्टवर पाठवी, अख्खं सबनेट उत्तर देई आणि तो लोंढा बळीवर कोसळे. जानेवारी १९९८मध्ये सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने इशारा दिला आणि ऑगस्ट १९९९च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमपत्राने राउटरांचा मूळ शिरस्ताच उलटा केला. आता असं ब्रॉडकास्ट बंद असतं, हवं तर मुद्दाम उघडावं लागतं. निर्णय योग्यच होता. उघडायचं तर त्या व्हीलॅनच्या (स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी लॅनच्या) इंटरफेसवरच उघडावं, आणि फक्त व्यवस्थापन सर्व्हरच्या पत्त्यावरून येणारं यूडीपी ९ आत घेणारी परवानगीची यादी लावावी.

"काल उठत होतं" याचं एक उत्तर इथेच आहे. पुष्कळ जण ब्रॉडकास्टच्या भानगडीत न पडता मशीनच्या नेहमीच्या आयपीवर पॅकेट पाठवतात. मशीन नुकतंच बंद केलं असेल तर ते चालतंही, कारण राउटरच्या एआरपी नोंदीत (कुठला आयपी कुठल्या मॅकचा, या तक्त्यात) ती जोडी अजून शिल्लक असते. नोंद शिळी होऊन पुसली गेली की राउटर "हा आयपी कुणाचा?" असं विचारतो आणि झोपलेलं मशीन उत्तर देत नाही. चाचणी संध्याकाळी यशस्वी, सकाळी अपयशी. दोष मशीनचा नसतोच.

दोन बदल वीज वाचवण्यासाठी झाले. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमाने बंद उपकरणाची वीज २०१०पासून १ वॅटवर आणि २०१३पासून अर्ध्या वॅटवर आणली. मदरबोर्ड जगभर एकच विकले जातात, त्यामुळे ईआरपी नावाचा पर्याय मुंबईतल्या बायोसमध्येही आला. तो चालू केला की स्टँडबायवरचं जवळजवळ सगळं बंद होतं, नेटवर्क कार्डासकट. दुसरा बदल २०१२चा, विंडोज ८चा. फास्ट स्टार्टअपमुळे "शटडाउन" म्हणजे अर्धवट हायबरनेशन झालं. बंद मशीनने वीज खाऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टने शटडाउनच्या वेळी कार्डाला जागं ठेवणंही थांबवलं. त्यामुळे विंडोजवर भरवशाचा मार्ग म्हणजे मशीन बंद न करता स्लीपमध्ये ठेवणं. शटडाउनमधूनच उठवायचं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद, ईआरपी बंद, बायोसमध्ये पीसीआय-ई वरून उठणं चालू आणि ड्रायव्हरमध्ये शटडाउन वेक ऑन लॅन चालू, हे चारही एकत्र लागतं. लिनक्सवर ईथटूल या आज्ञेला विचारावं. वेक-ऑन समोर 'जी' हवा; 'डी' दिसला तर सुविधा बंद आहे, आणि ती एकदा चालू केली तरी रीबूटनंतर टिकेल याची सोय वेगळी करावी लागते.

सगळ्यात सोपी खूण मात्र मशीनच्या पाठीमागे असते. बंद केल्यावर नेटवर्क पोर्टचा दिवा जळत राहिला पाहिजे. विझला तर पॅकेट ऐकायला कुणीच नाही, पुढचं तपासणं व्यर्थ. वीज वाचवायला बरीच कार्डं झोपेत १० किंवा १०० एमबीपीएसवर उतरतात, आणि स्विचचा पोर्ट कुणी १००० वर पक्का बांधून ठेवला असेल तर जोड तुटते. पोर्ट ऑटोवर ठेवावा. दिवा जळतो तरी उठत नसेल, तर त्याच व्हीलॅनमधल्या दुसऱ्या मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ब्रॉडकास्ट पोचतं का ते पाहावं.

मुंबईत या सगळ्याची कसोटी २०२०मध्ये लागली. मार्चमध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या, माणसं घरी आणि डेस्कटॉप ऑफिसात. घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या व्हीपीएनमधून ब्रॉडकास्ट सहसा पलीकडे जात नाही, म्हणून ऑफिसातल्या प्रत्येक व्हीलॅनमध्ये कायम जागं राहणारं एक छोटं मशीन लागतं. काही वॅटवर चालणारं रास्पबेरी पाय पुरतं. घरून त्यात एसएसएचने शिरायचं आणि पॅकेट तिथून सोडायचं. हे केलं नाही तर सगळी मशीन रात्रंदिवस चालू ठेवणं एवढाच पर्याय उरतो. एका मशीनचे ५० वॅट धरले तर शंभर मशीनचे रात्रीचे १४ तास म्हणजे रोजचे ७० युनिट.

मग १२ ऑक्टोबरचा सोमवार आला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. यूपीएस संपल्यावर जांभळ्या वायरीवरचे पाच व्होल्टही जातात, आणि वेक ऑन लॅनच्या दृष्टीने ही स्थिती साध्या शटडाउनहून पूर्ण वेगळी असते. काही कार्डं उठण्याची सूचना स्वतःच्या चिपमध्ये जपतात, वीज परतली की लगेच ऐकू लागतात. काहींना मात्र ती सूचना ड्रायव्हर प्रत्येक वेळी देतो. असं मशीन एकदा बूट होऊन नीट झोपेपर्यंत बहिरं राहतं. यावरचा उपाय बायोसमध्ये असतो: वीज परतल्यावर काय करायचं, या पर्यायात "पॉवर ऑन" निवडावा. "लास्ट स्टेट" फसवा आहे, कारण वीज गेली तेव्हा बंद असलेलं मशीन बंदच राहतं. "पॉवर ऑन"ची किंमत अशी की वीज येताच सगळी मशीन एकदम सुरू होतात. यूपीएसची क्षमता त्या क्षणाच्या भाराने मोजायला हवी.

रोजच्या सवयीही आड येतात. शेवटचा माणूस मेन पाडून शटर ओढतो. तळमजल्याच्या गाळ्यात पावसाळ्याच्या दिवसांत ते शहाणपणाचंच आहे, २६ जुलै २००५ पाहिलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. मग नेटवर्क आणि संगणकांचा फीडर वेगळा घ्यावा, उंचावर न्यावा, आणि दिवे-पंख्यांचा मेन वेगळा पाडावा.

पॅकेटला ओळखपत्र नसतं, ही मूळ रचनेची खरी उणीव. लॅनवरचा कुणीही कुणालाही उठवू शकतो. सिक्युअरऑन नावाचा पासवर्ड जोडता येतो, पण तोही उघडाच प्रवास करतो. २०२०च्या सुरुवातीला दिसलं की र्‍युक रॅन्समवेअरने याचा फायदा घेतला: एआरपी यादीतून मॅक उचलायचे, बंद मशीन उठवायची आणि त्यांच्या डिस्कही कुलूपबंद करायच्या. मशीन दुरून सांभाळण्याच्या दुसऱ्या सोयी, म्हणजे सर्व्हरसाठी १९९८मध्ये आलेलं आयपीएमआय आणि ऑफिस पीसीसाठी २००६च्या व्हीप्रोसोबत पुढे आलेलं इंटेलचं एएमटी पासवर्ड मागतात, बायोसचा पडदाही दुरून दाखवतात. म्हणून त्या आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. मे २०१७मध्ये उघड झालेल्या एएमटीच्या दोषात पासवर्डाच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी प्रवेश मिळत होता. १६९९२ आणि १६९९३ हे पोर्ट व्यवस्थापनाच्या व्हीलॅनबाहेर दिसता कामा नयेत.

आता ऑफिसातल्या डेस्कवर लॅपटॉप आणि डॉक (लॅपटॉपला पोर्ट पुरवणारे खोके) आले आहेत. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस३ झोप (नेहमीचं स्लीप) उरलेली नाही, त्याजागी मॉडर्न स्टँडबाय आहे, आणि नेटवर्क पोर्ट डॉकमध्ये असतो. लॅपटॉपच्या बायोसमध्ये मॅक ॲड्रेस पास-थ्रू (डॉकच्या पोर्टवर लॅपटॉपचाच मॅक वापरण्याचा पर्याय) बंद असेल तर स्विचला दिसणारा मॅक डॉकचा असतो. माणसं जागा बदलतात, डॉक तिथेच राहतो, आणि पॅकेट भलत्याच लॅपटॉपला उठवतं. पास-थ्रू सगळीकडे चालू करून मग मॅकची यादी नव्याने गोळा करावी. जुनी यादी वापरू नये.